पगार खराच कमी असल्याचा दाखला

माझा पगार कमी आहे हे मला एकोणीस वर्षं ठाऊक होतं. पण तो संशय यावा इतका कमी आहे, हे मला बँकेने सांगितलं.

मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी कर्ज हवं होतं. मी अर्ज भरला, कागद जोडले. मी कागद जोडणारा माणूस आहे. माझ्या फायलीत कागद तारखेप्रमाणे लागलेले असतात, प्रत्येकाच्या तीन प्रती असतात, आणि यावर बायको जे काही बोलते ते इथे लिहिण्याची गरज नाही. आठ दिवसांनी बँकेच्या कर्ज विभागातल्या अधिकाऱ्याने मला भेटायला बोलावलं. चेहरा असा केला होता की जणू रिपोर्ट वाईट आलाय आणि डॉक्टर आता नातेवाइकांना आत घेतायत.

"तुम्ही आयटी मॅनेजर आहात ना?" त्याने विचारलं.

"हो."

"आणि अनुभव एकोणीस वर्षांचा."

"हो."

"मग ही पगाराची स्लिप खरी आहे का?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिथे माझ्या नावासमोर एक लाल चौकोन होता.

"आमच्याकडे प्रत्येक हुद्द्यासमोर पगाराचा एक पट्टा असतो," तो म्हणाला. "कमीत कमी इतका, जास्तीत जास्त इतका. तुमचा पगार अठ्ठ्याहत्तर हजार. हा पट्ट्याच्या खाली येतो. म्हणजे बराच खाली. त्यामुळे सिस्टिम म्हणते की एक तर पगार खोटा आहे, नाहीतर हुद्दा."

"अहो, कर्ज मागणारा माणूस पगार वाढवून दाखवेल. कमी करून कशाला दाखवेल?"

"तेच ना. म्हणून तर जास्त संशय येतो." त्याने समजूतदारपणे मान हलवली. "तुम्ही असं करा, कंपनीचं एक पत्र आणा. पगार खरोखरच एवढा आहे म्हणून. लगेच पुढे सरकवतो."

शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत सहानुभूती होती. माणूस रागावलेला असताना त्याच्याकडे सहानुभूतीने बघणाऱ्यांसाठी कायद्यात काही तरतूद असायला हवी.

आता कंपनीबद्दल सांगतो. आमची कंपनी औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनवते. दोन मजले कारखान्याचे, एक मजला कचेरीचा, आणि त्या मजल्याच्या टोकाला, जिन्याखाली, माझा सर्व्हर. सर्व्हरची खोली थंड ठेवावी लागते, म्हणून तिथे एसी आहे. माझ्या खोलीत नाही. मी रुजू झालो तेव्हा माझं पदनाम 'कॉम्प्युटर विभाग' एवढंच होतं. पाच वर्षांनी पगारवाढ मागितली, तेव्हा मला 'सिस्टिम्स मॅनेजर' केलं. पुन्हा मागितली तेव्हा 'आयटी मॅनेजर' केलं. तिसऱ्यांदा मागितली तेव्हा 'मॅनेजर, डिजिटल सक्षमीकरण' असं कार्ड छापून मिळालं, दोनशे प्रती. दर वेळी पदनाम लांबत गेलं. पगार होता तिथेच राहिला. शेवटी मी मागणंच सोडलं, कारण पुढचं पदनाम कार्डावर मावलं नसतं.

तर मी ते पत्र मागायला एचआरच्या बाईंकडे गेलो. बाई स्वभावाने चांगल्या. त्यांच्या मागे भिंतीवर एक मोठं चित्र लावलेलं आहे. त्यात एक शिडी आहे, शिडीवर हसरी माणसं चढताहेत आणि वर लिहिलंय, 'तुमचा इथला प्रवास'.

"असं पत्र आमच्या नमुन्यांत नाही, सर," बाई म्हणाल्या. "नोकरीचा दाखला आहे, अनुभवाचा आहे, चांगल्या वर्तणुकीचा आहे. पगार कमी असल्याचा नाही."

"कमी म्हणू नका. एवढा आहे, इतकंच लिहा."

"एवढा लिहायचं तर ग्रेड लिहावी लागते. तुमची ग्रेड कोणती?"

मला माहीत नव्हती. बाईंनी कॉम्प्युटरवर शोधलं. मग दुसऱ्या यादीत शोधलं. मग चष्मा लावून पुन्हा पहिल्या यादीत शोधलं.

"सर, तुम्हाला ग्रेडच नाही."

सात वर्षांपूर्वी कंपनीने बाहेरून सल्लागार बोलावले होते. त्यांनी प्रत्येकाला एक एक तास समोर बसवून, तुम्ही काय काम करता हे विचारलं आणि त्यावरून ग्रेड ठरवल्या. माझी वेळ दुपारी तीनची होती. पावणेतीनला सर्व्हरच्या खोलीतला एसी गळायला लागला आणि मी संध्याकाळपर्यंत बादल्या बदलत होतो. सल्लागारांनी माझ्या नावापुढे 'अनुपस्थित' लिहिलं आणि ते निघून गेले. ज्या कॉम्प्युटरवर त्यांनी ते लिहिलं, तो चालू राहावा म्हणूनच मी अनुपस्थित होतो, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

"मग सात वर्षं मला पगार कुठून मिळतोय?" मी विचारलं.

बाईंनी पुन्हा शोधलं. "'इतर' या सदरातून."

"त्यात आणखी काय काय येतं?"

"लिफ्टची देखभाल," बाई वाचत गेल्या, "कुंड्यांतली झाडं, उंदरांचा बंदोबस्त, आणि तुम्ही."

राग आला की माझ्या कानांच्या पाळ्या गरम होतात. त्या दिवशी त्यांच्यावर चहा तापला असता. बाईंना खरंच वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "यावर सोपा उपाय आहे. तुम्ही काय काय काम करता ते लिहून द्या. त्यावरून ग्रेड देते, ग्रेडवरून पत्र देते."

घरी आल्यावर मी कागद घेऊन बसलो. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. ते विमा कंपनीत होते आणि आता इमारतीला फुकट सल्ला देतात. सगळे त्यांना सल्लागार काका म्हणतात, त्यांच्या तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्यात गैर वाटत नाही. माझ्याकडे काही लिहिण्याचं काम आहे याचा वास त्यांना जिन्यातच आला.

"काही सोडायचं नाही," ते खुर्ची ओढून बसत म्हणाले. "लहानातलं लहान काम लिहायचं. माणसाचं नुकसान कशाने होतं? नम्रतेने. मी पस्तीस वर्षं लोकांचे दावे तपासलेत. जो जास्त लिहितो त्याला जास्त मिळतं."

मग मी लिहीत गेलो. सर्व्हर, नेटवर्क, बॅकअप, लायसन्सची नूतनीकरणं, वीज गेली की काय, वीज आली की काय, पगाराचं सॉफ्टवेअर, भरतीचं सॉफ्टवेअर, गोदामाचं सॉफ्टवेअर, विसरलेले पासवर्ड, न विसरता बदललेले पासवर्ड. लिहिता लिहिता मलाच आश्चर्य वाटायला लागलं. अकरा पानं झाली. बायको शेवटचं पान वाचत होती.

"'मोठ्या साहेबांच्या नातवाचा गेम पुन्हा सुरू करून देणे'," तिने मोठ्याने वाचलं. "हेही लिहिलंत?"

"काम आहे ते."

"अहो, पण तुम्ही एकटे हे सगळं करता?"

"दुसरं कोण आहे?"

तिने अकरा पानं नीट एकावर एक लावली. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही उशिरा येता म्हणजे गप्पा मारत बसता."

बाईंनी अकरा पानं घेतली. आठवडा गेला, पत्र आलं नाही. दोन आठवडे गेले. बँकेतून एकदा फोन आला की अर्ज बंद करू का. मुलीची फी भरायची तारीख जवळ येत होती. तेव्हा बायकोने मला न सांगता त्याच बँकेत स्वतःच्या नावाने अर्ज केला. ती एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेची प्रमुख आहे. तिचा पगार तिच्या हुद्द्याच्या पट्ट्यात अगदी मधोमध बसला आणि चार दिवसांत कर्ज मंजूर झालं. अर्जावर मी 'सहअर्जदार' म्हणून सही केली. अधिकाऱ्याने मला ओळखलं. "चला, झालं ना काम," तो म्हणाला. "मॅडमच्या पगारात काहीच अडचण नव्हती."

मुलगी म्हणाली, "बाबा, चिडू नकोस. कर्ज कोणाच्याही नावावर असलं तरी फेडायचं मलाच आहे."

खरं तर इथे प्रकरण संपायला हवं होतं. पत्राची गरज उरली नव्हती. पण तिसऱ्या आठवड्यात एचआरच्या बाईंनी मला बोलावलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता.

"सर, मोठ्या साहेबांनी तुमची अकरा पानं वाचली. पूर्ण. फार खूश आहेत. म्हणाले, आपल्या कंपनीत एवढं काम होतं हे मला माहीतच नव्हतं."

मी खुर्चीत जरा ताठ बसलो. खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात त्या शिडीची एक पायरी चढलोसुद्धा.

"ते म्हणाले," बाई पुढे म्हणाल्या, "एवढ्या महत्त्वाच्या कामासाठी एखादा चांगला माणूस घ्यायला हवा."

नवीन पद मंजूर झालं होतं. 'प्रमुख, माहिती तंत्रज्ञान.' पगार दोन लाख, माणूस बघून दोन लाख वीसपर्यंत. कामाचं वर्णन म्हणून माझी अकरा पानं जशीच्या तशी जोडली होती, नातवाचा गेम तेवढा वगळून. तो माझ्याकडेच राहणार होता.

"आणि मी काय करायचं?" मी विचारलं.

"तुम्ही त्यांना रिपोर्ट करायचं. तुमच्यावरचा भार कमी होईल, सर. साहेबांना तुमची काळजी आहे."

मी जिन्याखाली जाऊन सर्व्हरसमोर उभा राहिलो. त्या खोलीत पंख्यांचा इतका आवाज असतो की माणूस ओरडला तरी बाहेर ऐकू जात नाही. एकोणीस वर्षांत त्या सोयीचा उपयोग मी पहिल्यांदा केला.

चार दिवसांनी सल्लागार काका मोबाइल नाचवत वर आले. "ही जाहिरात बघा. अगदी तुमच्यासारखंच काम दिसतंय, आणि पगार बघा. हे लोक माणसाची किंमत ओळखतात. अर्ज करून टाका."

"काका, ही माझीच कंपनी आहे."

काकांनी जाहिरात पुन्हा वाचली. "मग तर उत्तम. ओळखीचाही फायदा होईल."

राग आलेल्या माणसाला मूर्खपणाचा सल्लासुद्धा बरा वाटतो. मी विचार केला, का नको? काम माझं, वर्णन माझं, शब्द माझे, त्यातल्या दोन शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा माझ्या. मी कंपनीच्या भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये रीतसर अर्ज केला. दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी केला आणि चार वाजून सहा मिनिटांनी मला ईमेल आलं. माझी पात्रता या पदाच्या अपेक्षांशी जुळत नाही आणि कंपनी मला पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा देते. ते ईमेल ज्या सर्व्हरवरून आलं, तो सकाळपासून बंद होता आणि मी जेवण सोडून तो दुपारी चालू केला होता.

मी बाईंकडे गेलो. बाईंनी अर्ज उघडून पाहिला.

"नियमाप्रमाणे झालंय, सर. उमेदवाराचा सध्याचा पगार पदाच्या पगाराच्या निम्म्याहून कमी असला, तर अर्ज आपोआप बाजूला पडतो. इतक्या कमी पगारावर काम करणारा माणूस त्या पातळीचा नसतो, असं धरतात."

"पण तो कमी पगार मला देतं कोण?"

"आपणच."

"मग?"

"मग तेच तर म्हणतेय मी."

"हा असला नियम सॉफ्टवेअरमध्ये घातला कोणी?"

बाईंनी आणखी एक पान उघडलं आणि स्क्रीन हळूच माझ्याकडे वळवली. त्या दोन महिन्यांत प्रत्येक जण स्क्रीन माझ्याकडे वळवत होता आणि एकदाही त्यावर काही चांगलं निघालं नाही. सॉफ्टवेअर दोन वर्षांपूर्वी बसवलं होतं. कार्यान्वित करणारा, मी. तपासणारा, मी. खाली माझी सही.

त्या दिवशी घरी मी जेवलो नाही. बायकोने आधी समजावलं, मग ती चिडली.

"मला एक सांगा," ती म्हणाली, "तुम्ही रागावलाय कोणावर? साहेबांवर? मग साहेबांशी बोला. भाजीशी कशाला भांडताय?"

"बोलून काय होणार?"

"काही नाही होणार. पण एकोणीस वर्षांत एकदा तरी कोणीतरी बोललं असं होईल."

बोलायची वेळ आली नाही, कारण दुसऱ्या दिवशी साहेबांचाच निरोप आला. मुलाखती घ्यायच्या होत्या आणि उमेदवाराला खरंच काही येतं का, हे कळणारं कंपनीत दुसरं कोणी नव्हतं. म्हणून मला मुलाखत समितीवर घेतलं होतं. ज्या पदासाठी मी अपात्र, त्या पदासाठी पात्र कोण हे मी ठरवायचं होतं. तिथे माझ्या टेबलावर पाटी होती, 'तांत्रिक सदस्य'. चला, आणखी एक पदनाम.

पहिला उमेदवार फार देखणा होता. मी त्याला बॅकअपबद्दल विचारलं.

"ते मी स्वतः बघत नाही," तो म्हणाला. "मी दिशा देतो."

"कोणाला?"

"टीमला."

"टीम म्हणजे मी," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तीन लाख मागितले. साहेब प्रभावित झाले. दुसऱ्याने फळ्यावर चार गोल काढले आणि ते बाणांनी जोडले. ते गोल कशाचे हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण साहेबांनी त्यांचा मोबाइलवर फोटो घेतला.

तिसऱ्या एक बाई होत्या. माझ्याच वयाच्या. वजनकाटे बनवणाऱ्या एका कंपनीत तेरा वर्षं होत्या. मी विचारलं, "सर्व्हर बंद पडलाय, दारात आठ माणसं उभी आहेत आणि सगळे म्हणतायत आमचं आधी. तुम्ही पहिलं काय कराल?"

"दार लावून घेईन," त्या म्हणाल्या.

मी पेन खाली ठेवलं. एवढ्यात साहेबांना फोन आला आणि ते बाहेर गेले. एचआरच्या बाई गुणांचा तक्ता छापून आणायला गेल्या. भिंतीपलीकडे प्रिंटरमध्ये कागद अडकल्याचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखतो. मी उठलो नाही. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"तुम्हाला आत्ता किती मिळतात?" मी विचारलं.

हा प्रश्न सभ्य माणसं विचारत नाहीत. माझ्या सख्ख्या भावाला माझा पगार माहीत नाही. त्यांनी दाराकडे एकदा बघितलं.

"बहात्तर."

"मला अठ्ठ्याहत्तर."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "हे काम आत्ता इथे कोण करतं?"

"मी."

"अकरा पानं कोणी लिहिली?"

"मीच."

"वाटलंच मला," त्या म्हणाल्या. "वाचतानाच वाटलं की हे काम केलेल्या माणसाने लिहिलंय. मी माझी चौदा पानं लिहून दिली होती, मे महिन्यात. पगार वाढवा म्हणून. त्यांनी गेल्या आठवड्यात जाहिरात दिली. एक लाख नव्वद."

"अर्ज केलात?"

"केला. पातळी जुळत नाही म्हणाले."

मग मला एक शंका आली. "पण मग आमच्या सॉफ्टवेअरमधून तुम्ही पुढे कशा आलात? बहात्तर म्हणजे निम्म्याहून कमीच."

"मी पगाराचा रकाना रिकामा ठेवला."

रिकामा रकाना तपासायला मी विसरलो होतो. दोन वर्षांत मी केलेल्या चुकांपैकी कंपनीच्या उपयोगी पडलेली तेवढी एकच.

"हे बघा," मी भराभर म्हणालो, कारण साहेबांची पावलं ऐकू यायला लागली होती, "दोन लाख वीसपर्यंत मंजुरी आहे. दोन लाख वीसच मागा. खाली येऊ नका. आणि गोल काढा."

"कसले गोल?"

"कसलेही. त्यांना आवडतात."

त्यांनी काढले. पाच काढले. साहेबांनी उभं राहून हात मिळवला. मी तक्त्यात त्यांना पूर्ण गुण दिले आणि त्यातला एकही खोटा नव्हता. जाताना दारात त्या हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत आहे."

मी गुरुवारी अर्ज केला. पगाराचा रकाना रिकामा ठेवला. पंधरा दिवसांनी वजनकाट्यांच्या कंपनीत मुलाखतीला गेलो, तर समोर तीन माणसं होती आणि त्यातल्या एकांपुढे 'तांत्रिक सदस्य' अशी पाटी होती. त्या बाई. त्यांच्या राजीनाम्याची मुदत अजून चालू होती. आम्ही एकमेकांना ओळखलं नाही. त्यांनी मला एक अवघड प्रश्न विचारला आणि मी एक लांबलचक उत्तर दिलं, आणि मला नोकरी मिळाली. एक लाख नव्वद.

आता साहेबांशी बोलायचं होतं. मी चौदा वाक्यांचं भाषण तयार केलं. तीन दिवस आरशासमोर म्हटलं. बायकोने दोन वाक्यं गाळायला लावली, कारण ती मुलीसमोर म्हणण्यासारखी नव्हती. मी ती पुन्हा घातली.

साहेबांनी राजीनामा वाचला आणि त्यांना खरोखर धक्का बसला.

"अहो, एकदा बोलायचं ना माझ्याशी," ते म्हणाले. "घरचा माणूस तुम्ही. पैशाचा प्रश्न असेल तर दहा टक्के वाढवतो. आत्ता, इथे बसून."

"साहेब," मी सुरुवात केली, "घरच्या माणसाला तुम्ही सात वर्षं उंदरांच्या सदरात ठेवलंत." हे पहिलं वाक्य. "माझी अकरा पानं वाचून तुम्हाला माझी किंमत कळली, आणि ती तुम्ही दुसऱ्याला द्यायचं ठरवलंत." हे दुसरं. माझा आवाज चढला होता. तिसरं वाक्य मी अर्ध्यात होतो तेव्हा दिवे एकदा मिणमिणले आणि साहेबांची स्क्रीन काळी झाली. साहेबांनी स्क्रीनकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

आणि मी उठलो. मला स्वतःचाच इतका संताप आला की सांगता येत नाही, पण पाय आपोआप जिन्याकडे गेले. वीस मिनिटांनी सगळं चालू करून परत आलो, तर साहेब मीटिंगला गेले होते. टेबलावर चिठ्ठी होती, 'धन्यवाद. राजीनामा स्वीकारला.' उरलेली अकरा वाक्यं माझ्याकडे तशीच आहेत, ती दोन धरून.

बायको म्हणाली, "तरी तीन झाली ना? चांगलं झालं. पूर्वी शून्य होती."

नव्या कंपनीत मला खोली मिळाली. खोलीत एसी होता. पहिल्या दिवशी साडेनऊला मी खुर्चीत बसलो आणि लक्षात आलं की मला इथलं काहीही माहीत नाही. दहा वाजता गोदामातला माणूस आला की यंत्रणा बंद आहे. मी दार लावून घेतलं आणि फोन उचलला. तो माझ्या हातातच वाजला. पलीकडे माझ्या जुन्या खुर्चीत बसलेल्या बाई होत्या.

"तुमच्या एसीचं पाणी कुठून बंद करायचं?" त्यांनी विचारलं.

"जिन्याच्या मागे, डावीकडे, लाल चक्र. तुमची गोदामाची यंत्रणा?"

"दोनदा बंद करा, दोनदा चालू करा. तिसऱ्यांदा हात लावू नका."

असं रोज चालू झालं. सकाळी दहाला त्या मला विचारायच्या आणि मी त्यांना. पहिले तीन महिने माझी नवी कंपनी त्या फोनवरून चालवत होत्या आणि त्यांची नवी कंपनी मी. दोन्हीकडे काम पूर्वी होत होतं तसंच होत होतं, तीच दोन माणसं ते करत होती. फक्त आता मालकांना ते अडीचपट महाग पडत होतं, आणि मालक दोघंही खूश होते.

सहा महिने झाले तेव्हा नव्या साहेबांनी मला चहाला बोलावलं. फार मोकळेपणाने बोलत होते. म्हणाले, कालच एका समारंभात झाकणवाल्या कंपनीचे मालक भेटले होते. "त्यांनीही बाहेरून एक माणूस आणलाय म्हणे. आम्ही दोघांनी एकच गोष्ट अनुभवली बघा. खरं टॅलेंट बाहेरून आणावं लागतं. घरात तसं कोणी नसतंच."

"साहेब, तुमच्याकडे होत्या एक बाई," मी म्हणालो. "तेरा वर्षं."

"त्या?" साहेब हसले. त्या हसण्यात वाईट हेतू काही नव्हता, तेच जास्त लागलं. "छे हो. त्या नुसत्या कॉम्प्युटर बघायच्या."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी कप खाली ठेवला. या वेळी दिवे मिणमिणले नाहीत, कोणाचा फोन आला नाही, उठायला काही कारण नव्हतं.

"साहेब," मी प्रत्येक शब्द वेगळा करून म्हणालो, "मीही इथे फक्त कॉम्प्युटरच बघतो. त्या बघायच्या तेच. कधी कधी त्यांना विचारून. तुम्ही त्यांना बहात्तर द्यायचात. त्यांच्यापेक्षा मला यातलं काहीही जास्त येत नाही, आणि तुमच्या कंपनीतलं त्यांच्या निम्म्यानेही येत नाही."

मला वाटलं, झालं, ही नोकरी गेली. आणि खरं सांगतो, मला त्याचं बरं वाटलं.

मग त्यांनी टेबलाला वळसा घालून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हाच," ते भारावून म्हणाले, "हाच तुमचा मोठेपणा."

वर्षअखेरीला मला आठ टक्के वाढ मिळाली. पत्रात 'नेतृत्वगुण आणि विनम्रता' असं कारण दिलं होतं. मी ती वाढ घेतली. घेताना इतका राग आला होता की सही दोनदा चुकली.